संगणकाचे दार आणि विद्यार्थ्याचा अधिकार

यंत्र वापरणे आणि यंत्र जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आज बहुतेकांस साध्य झाली आहे. दुसरी मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहे. शाळेच्या संगणक-कक्षात विद्यार्थी बसतो, चार ओळी टंकलिखित करतो, एखादे चित्र रेखाटतो आणि घंटा होताच उठून जातो. त्याने जे काही केले ते सारे पडद्याच्या काचेआड घडले. काचेबाहेरच्या जगातील एक लहानसा दिवा त्या यंत्राकडून लावून घेता येतो, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही. आणि सांगितले तरी तसे करण्याची अनुज्ञा त्यास नसते. ही अनुज्ञा विद्यार्थ्यास असावी की नसावी, आणि असावी तर किती असावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय तांत्रिक भासेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला अधिकाराचा आणि जबाबदारीचा प्रश्न प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे.

जुन्या संगणकाच्या पाठीमागे एक लांबट, पंचवीस छिद्रांची जोडणी असते. तिला पॅरलल पोर्ट असे म्हणतात. पोर्ट म्हणजे दार. संगणकाच्या आतील विद्युत्-संकेत ज्या वाटेने बाहेर पडतात आणि बाहेरचे संकेत ज्या वाटेने आत येतात ती वाट म्हणजे पोर्ट होय. हा पोर्ट मुळात छपाईयंत्रासाठी जन्मास आला. सेंट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीने १९७० मध्ये आपले छपाईयंत्र बाजारात आणले. त्याच्या जोडणीची पद्धत पुढे इतर कारखानदारांनीही उचलली. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक निघाला, तेव्हा त्यासही छपाईयंत्र जोडण्यासाठी हीच पद्धत, पंचवीस टाचण्यांच्या जोडणीसह, स्वीकारण्यात आली. १९९४ मध्ये तिला रीतसर मानकाचे स्वरूप प्राप्त झाले. कचेऱ्यांतून कर्र कर्र आवाज करीत कागद छापणारी ठिपक्यांची छपाईयंत्रे वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांतील पुष्कळशी याच दाराने संगणकाशी बोलत असत.

या पंचवीस टाचण्यांची वाटणी मोठी सुबोध आहे. आठ टाचण्या माहिती बाहेर नेण्यासाठी, पाच टाचण्या बाहेरची खबर आत आणण्यासाठी, चार टाचण्या हुकूम पोहोचविण्यासाठी आणि उरलेल्या आठ जमिनीच्या, म्हणजे शून्य दाबाच्या. आठ, पाच, चार आणि आठ मिळून पंचवीस झाल्या. माहितीच्या आठ तारांपैकी प्रत्येक तार एका वेळी दोनच अवस्थांत राहू शकते: एक तर तिजवर सुमारे पाच व्होल्ट दाब असतो, नाही तर तो शून्याजवळ असतो. आठही तारा एकाच वेळी, शेजारी शेजारी काम करतात, म्हणून या पोर्टास समांतर असे नाव पडले.

आता या तारा हलवावयाच्या कशा? संगणकाच्या प्रोसेसरला बाहेरची दारे क्रमांकाने ओळखू येतात. गावातील घरास जसा घर-क्रमांक असतो तसाच हा प्रकार आहे. छपाईच्या पहिल्या पोर्टाचा क्रमांक बहुतेक यंत्रांवर ८८८ असा असतो. त्याच्या शेजारचा ८८९ हा आत येणारी खबर वाचण्याचा आणि ८९० हा हुकुमाच्या तारांचा. आठ तारांस अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ अशा किमती दिलेल्या आहेत. प्रोग्रॅममधून ८८८ या दारी १ ही संख्या ठेवली की पहिली तार जागी होते. ५ ठेवली की पहिली आणि तिसरी जागी होते, कारण ४ आणि १ मिळून ५ होतात. २५५ ठेवली की आठही तारा जाग्या होतात आणि ० ठेवली की सर्व निजतात. द्विमान पद्धतीचे गणित पाठ्यपुस्तकात वाचून जे सहा महिन्यांत मनात उतरत नाही, ते आठ दिव्यांच्या एका ओळीने अर्ध्या तासात उतरते. एकापासून २५५ पर्यंत मोजणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहावा आणि दिव्यांकडे पाहत बसावे. हातचा एक कसा पुढे सरकतो हे डोळ्यांस दिसते.

येथवर सारे सुखाचे आहे. खरा प्रश्न पुढेच उद्भवतो: ८८८ क्रमांकाच्या दाराशी जाण्याची मुभा कोणत्या प्रोग्रॅमला असावी?

एके काळी ही मुभा सरसकट सर्वांस होती. डॉस नावाची कार्यप्रणाली ज्या काळी प्रचारात होती, त्या काळी कोणताही प्रोग्रॅम कोणत्याही दाराशी जाऊन काय वाटेल ते ठेवू शके. शिकणाऱ्यास ते युग फार सोयीचे होते, यात संशय नाही. परंतु संगणकास एकच दार नसते. प्रोसेसरला ६५,५३६ दारांचे क्रमांक ठाऊक असतात आणि त्यांपैकी काही क्रमांकांच्या मागे तबकडीचा नियंत्रक, घड्याळ, कळफलक अशी महत्त्वाची मंडळी बसलेली असतात. जुन्या यंत्रांवर तबकडीच्या नियंत्रकाचा क्रमांक ४९६ पासून सुरू होई. ८८८ लिहिण्याऐवजी कोणी चुकून भलताच क्रमांक लिहिला, तर दिवा लागावयाचे राहून यंत्र जागीच थिजण्याचा, प्रसंगी साठविलेली माहिती नष्ट होण्याचा संभव असे. ज्या यंत्रावर एकच मनुष्य काम करतो तेथे हानी त्याची एकट्याची. पण ज्यावर दहा जणांचे काम साठलेले आहे तेथे एकाच्या चुकीचा भुर्दंड दहांस पडतो.

म्हणून पुढे कुलुपे आली. १९८५ मध्ये निघालेल्या इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये दारांची एक यादी ठेवण्याची सोय झाली. या यादीत प्रत्येक दारासाठी एक खूण असते. प्रोग्रॅमला त्या दाराशी जाण्याची मुभा आहे की नाही, हे प्रोसेसर ती खूण पाहून ठरवितो. मुभा नसेल तर त्यास तेथेच अडवितो आणि कार्यप्रणालीस वर्दी देतो. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने सामान्य प्रोग्रॅमला ही दारे बंदच केली. २००१ मध्ये त्याच घराण्यातील विंडोज एक्सपी घरोघरी पोहोचली आणि हौशी मंडळींचे दिवे लावणारे जुने प्रोग्रॅम एकाएकी चालेनासे झाले. प्रोग्रॅममध्ये काही बिघाड नव्हता. दाराला कुलूप लागले होते एवढेच.

सर्वांस सर्व दारे मोकळी, ही एक टोकाची व्यवस्था. आणि कोणासही कोणतेच दार मोकळे नाही, ही दुसऱ्या टोकाची. या दोहोंच्या मधला मार्ग आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कार्यप्रणालीचा आरंभ केला. तिच्यात या प्रश्नाची सोडवणूक मोजून दिलेल्या परवानगीने केली आहे. प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे अर्ज करतो: ८८८ पासून पुढे तीन दारे मला हवी आहेत. हा अर्ज करण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकाकडे असतो. परवानगी मिळाली की तेवढी तीन दारे त्या प्रोग्रॅमला खुली होतात. बाकीच्या दारांपैकी एकही त्यामुळे खुले होत नाही. शहाणा प्रोग्रॅमर परवानगी मिळताच व्यवस्थापकाचे उरलेले अधिकार स्वतःहून सोडून देतो आणि सामान्य नागरिकाप्रमाणे पुढचे काम करतो. अशा प्रोग्रॅमने मग ४९६ क्रमांकाच्या दाराशी जाण्याचा प्रयत्न केलाच, तर गाभा त्या प्रोग्रॅमला थांबवितो. यंत्र मात्र सुरक्षित राहते.

याहूनही सभ्य अशी एक रीत लिनक्समध्ये आहे. तीत पोर्ट ही एखाद्या फाईलसारखी वस्तू मानली जाते. कोणत्या वापरकर्त्यांच्या गटाने ती उघडावी हे व्यवस्थापक एकदाच ठरवून ठेवतो. प्रोग्रॅमने पोर्ट मागून घ्यावा, आपले काम करावे आणि काम होताच परत करावा. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पोर्टासाठी आले तर त्यांची गाठ पडून गोंधळ होत नाही. एकाचे आटोपेपर्यंत दुसऱ्यास थांबावे लागते. येथे विद्यार्थ्यास व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देण्याचेही कारण उरत नाही. शाळेसाठी आम्ही हीच रीत पसंत करू.

दुबलगुंडीच्या शिवारात वाढलेल्या वाचकांस ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या बिदर जिल्ह्यात कारंजा नदीवर धरण आहे. धरणाचे पाणी कालव्यातून पाटात आणि पाटातून शेतात येते. पाळी आली की शेतकरी रात्री-अपरात्री खांद्यावर फावडे घेऊन उसाला दारे धरावयास जातो. त्यास त्याच्या शेताचे दार उघडता येते, या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी वळविता येते. धरणाचा दरवाजा मात्र त्याच्या हाती नसतो, आणि तो मागतही नाही. पण म्हणून त्याच्या शेताच्या दारालाही कोणी कायमचे कुलूप ठोकले, तर ऊस वाळून जाईल आणि शेतकऱ्याच्या मुलास दारे धरणे ही विद्या कधीच येणार नाही. धरणाचा दरवाजा आणि शेताचे दार यांत जो विवेक आपले अशिक्षित म्हणविले गेलेले पूर्वजही जाणत होते, तोच विवेक संगणक-कक्षात दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी तसे घडत नाही. यंत्रे मोलाची असतात, त्यांची नोंद दप्तरात असते, बिघडल्यास जाब द्यावा लागतो. म्हणून कक्षास कुलूप आणि विद्यार्थ्याच्या हातास मनाई, हा सोपा मार्ग स्वीकारला जातो. शिक्षकांची ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोर्ट नाजूक असतो. त्याची तार काही मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह सोसू शकत नाही. दिवा म्हणून लहान एलईडी घ्यावा आणि त्याच्या वाटेत एक किलोओहमचा रोध घालावा. मग प्रवाह सुमारे तीन मिलिअँपिअर राहतो आणि काही बिघडत नाही. रोध न घालता तारा जोडणे, किंवा छोटी मोटार थेट पोर्टास जोडणे, हे मात्र यंत्राच्या जिवावर बेतू शकते. मोटारीस वेगळी बॅटरी हवी आणि मध्ये ट्रान्झिस्टर हवा. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी तर विद्यार्थ्याने या प्रयोगात मुळीच संबंध येऊ देऊ नये. येथे प्रश्न यंत्राच्या जिवाचा उरत नाही, मुलाच्या जिवाचा होतो. हे नियम कठीण नाहीत. भिंतीवर एका तक्त्यात ते मावतात. रसायनशाळेत आम्ल असते म्हणून आपण रसायनशाळा बंद करीत नाही. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, असे शिकवितो.

दुसरा आक्षेप असा घेण्यात येईल की, हा पोर्ट आता कालबाह्य झाला आहे. नव्या संगणकांवर तो सहसा नसतोच, मग त्याचा अभ्यास कशासाठी? आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. छपाईयंत्रे यूएसबीवर गेली आणि पोर्टाची गरज सरली. छपाईसाठी यूएसबीतून समांतर जोडणी काढून देणारी तार मिळते, परंतु तिच्यामागे ८८८ क्रमांकाचे दार नसते, त्यामुळे वर सांगितलेला प्रोग्रॅम तिजवर चालत नाही. तथापि जुन्या यंत्रांविषयी आमचे मत निराळे आहे. अनेक शाळांच्या अडगळीत असे संगणक धूळ खात पडलेले आहेत; ते भंगारात जाण्यापूर्वी त्यांतील एक तरी प्रयोगशाळेत आणून ठेवावा. ज्या यंत्राची दप्तरी किंमत शून्य झाली आहे, त्यावर विद्यार्थ्यास निर्धास्तपणे प्रयोग करता येतील. जुनी सायकल खोलून जोडणारा मुलगाच पुढे नवी सायकल दुरुस्त करतो.

शिवाय यंत्र जुने झाले तरी त्यातून मिळणारा धडा जुना होत नाही. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय नावाचा लहानसा संगणक मुलांच्या शिक्षणासाठी निघाला. त्याच्या एका कडेस चाळीस टाचण्यांची रांग ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. त्या टाचण्यांवरही दिवा लावण्यासाठी प्रोग्रॅमला गाभ्याची परवानगी लागते, आणि तीही साऱ्या स्मृतीची न देता केवळ त्या टाचण्यांपुरती देण्याची सोय तेथे आहे. म्हणजे समांतर पोर्टावर जो विचार शिकावयाचा तोच तेथे उपयोगी पडतो. ज्यांच्याजवळ नवे यंत्र आहे त्यांनी त्यावर शिकावे. ज्यांच्याजवळ जुनेच आहे त्यांनी मन लहान करू नये.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. नवी दिल्ली येथील इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सेलरेटर सेंटर या संस्थेत अजित कुमार यांच्या पुढाकाराने २००४ च्या सुमारास फिनिक्स नावाचा उपक्रम सुरू झाला. घरगुती साधनांनी भौतिकशास्त्राचे प्रयोग करता यावेत, असा त्याचा हेतू. त्या उपक्रमातील आरंभीचे उपकरण संगणकाच्या याच समांतर पोर्टास जोडले जाई आणि विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत लिहिलेल्या चार ओळींनी ते चालत असे. पुढे त्याच विचारातून यूएसबीवर चालणारे एक्स्पआइज हे उपकरण निघाले. लंबकाचा दोलनकाल, प्रकाशाची तीव्रता, तापमानातील बदल अशी मोजमापे त्यामुळे साध्या संगणकावर शक्य झाली. ज्यास महागडी प्रयोगशाळा परवडत नाही त्यास संगणकाचे एक दार उघडून दिले तर तो संगणकच प्रयोगशाळा होतो, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

या साधनाची मर्यादाही येथे नमूद करणे आवश्यक आहे. सामान्य प्रोग्रॅम हा संगणकावरील अनेक प्रोग्रॅमांपैकी एक असतो. पोर्टावर एक संख्या ठेवण्यास सेकंदाचा सुमारे दहा लाखावा भाग पुरतो. परंतु दोन संख्यांच्या मध्येच गाभ्याने प्रोसेसर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली केला, तर आपल्या प्रोग्रॅमला काही सहस्रांश सेकंद थांबावे लागते. दिव्यांच्या ओळीत हे जाणवत नाही. पण वेगाने टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटार त्यामुळे अडखळते. अचूक वेळेचे काम असेल तर ते गाभ्यातील चालक-प्रोग्रॅमकडे किंवा वेगळ्या लहान नियंत्रकाकडे सोपवावे लागते. फिनिक्सनेही पुढे नियंत्रकाचा मार्ग धरला. आपल्या हाती असलेल्या साधनाने काय होणार नाही, हे समजणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

आता आपल्या भागाविषयी दोन शब्द. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील मराठी घरांतील मुलास राज्यभाषा कन्नड, शिक्षणाची भाषा मराठी, बाजारात दखनी उर्दू आणि यंत्रासाठी इंग्रजी अशा चार भाषांशी व्यवहार करावा लागतो. अशा मुलास आपण यंत्राच्या जगात उपरे आहोत असे वाटू लागले तर नवल नाही. परंतु ८८८ क्रमांकाच्या दारी ठेवलेली ५ ही संख्या कन्नड, मराठी असा भेद जाणत नाही. तिच्यामुळे पहिला व तिसरा दिवा लागतोच. न्यूनगंड घालविण्यास याहून स्वस्त औषध आम्हांस ठाऊक नाही. मात्र त्या दिव्यामागील शास्त्र मुलाच्या स्वभाषेत सांगणारी पुस्तके अल्प आहेत, आणि ते काम आपल्यापैकी ज्यांस येते त्यांनी करावे, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

यास्तव आमच्या सूचना अशा. शाळेने एक जुना, पोर्ट असलेला संगणक स्वतंत्र ठेवावा. त्यावर शाळेचे हिशेब, गुणपत्रके किंवा कोणाचेही खासगी कागद असू नयेत. त्यावर लिनक्स बसवून विद्यार्थ्यांच्या गटास पोर्टापुरती, आणि तेवढीच, परवानगी द्यावी. आठ एलईडी आणि आठ रोध यांची एक फळी शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांनीच तयार करावी; तिचा खर्च एका सहलीच्या खाऊपेक्षा अधिक येणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगवहीत आपण कोणत्या दारी कोणती संख्या ठेवली आणि काय घडले याची नोंद करावी. काही बिघडलेच तर तेही लपवून न ठेवता त्याच वहीत लिहावे. पालकांस आमची विनंती अशी की, मुलगी फळी हाती घेऊन बसली तर हे मुलांचे काम, असे म्हणून तिला उठवू नये. एलईडी कोणाच्या हाताने लागला हे पोर्टास समजत नाही.

आज मर्यादित अधिकार नीट सांभाळण्यास शिकलेला विद्यार्थी उद्या मोठा अधिकार सांभाळावयास पात्र होतो. ज्यास कधी कोणतीच किल्ली मिळाली नाही, त्याच्या हाती एके दिवशी सगळ्या किल्ल्यांचा जुडगा पडला तर तो काय करील, याची चिंता वडीलधाऱ्यांनी आजच वाहिली पाहिजे. तीन दारांची किल्ली ही काही मोठी मागणी नव्हे. ती विश्वासाने द्यावी, आणि विद्यार्थिमित्रहो, मिळाली की ती आपण जबाबदारीने वापरावी.